पैसे भरून आधी चढलो, तरी बाबांच्या बॅगेला जागा नाही

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

बी-३०३, सकाळी ९.०५
नमस्कार. काल रात्री उशिरा दिल्लीहून परत आलो. बाबा बरे आहेत, सगळ्यांनी चौकशी केलीत त्याबद्दल आभार. जाताना विमानात जे झालं ते मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्या सोसायटीतले बरेच ज्येष्ठ आता मुलांकडे विमानानेच जातात.

पुण्याहून सकाळी ८.४० चं विमान. रात्री १२ ला सांगली सोडली, पेठ नाक्याला चहा घेतला, पहाटे लोहगाव विमानतळावर पोचलो. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, म्हणून दोघांचे मिळून ८०० रुपये जास्त भरून प्रायॉरिटी बोर्डिंग घेतलं होतं. गर्दीच्या आधी आत जावं आणि त्यांची औषधांची बॅग सीटच्या वरच, नजरेसमोर ठेवावी, एवढंच मनात होतं.

गेटवर पहिले आम्हालाच सोडलं. खाली बस उभी. पहिले चढलो म्हणून सरकत सरकत पार आतल्या कोपऱ्यात गेलो. बस पूर्ण भरेपर्यंत १५ मिनिटं बाबा दांडा धरून उभे. विमानापाशी दार उघडलं, तर सगळ्यात शेवटी चढलेले दाराशीच होते, ते आधी उतरले. आम्ही शिडीपाशी पोचेपर्यंत पुढे ५०-६० माणसं. ज्याचे पैसे घेतले ती पाळी बसमध्येच गेली.

बी-३०३, ९.११
आमची सीट ६ व्या रांगेत. वरचा कप्पा गच्च. समोरचाही गच्च. क्रूच्या मुलीने दोन ठिकाणी बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, जागा संपली, बॅग खाली द्यावी लागेल.” बॅगेत बाबांचं इन्सुलिन. ते खाली, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानात, देता येत नाही, गोठलं तर निकामी होतं आणि बॅग दुसरीकडे गेली तर परगावात काय करायचं? मग बाबांनी तिथेच, दोन रांगांच्या मधे, सीटच्या हातावर बॅग टेकवून चेन उघडली. मागे माणसं खोळंबलेली, एकजण “लवकर करा ओ” म्हणाला. कपड्यांच्या खालून ते पाऊच शोधत होते आणि त्यांचे हात थरथरत होते. मला ते दृश्य काही केल्या डोळ्यासमोरून जात नाही.

बॅग घरी काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम भरली होती. नियम ७ किलोचा. दिल्लीला उतरताना बघितलं, आमच्या डोक्यावरच्या कप्प्यातली मोठी निळी ट्रॉली घ्यायला २१ व्या रांगेतला माणूस पुढे आला.

ए-१०१, ९.२०
फार वाईट वाटलं वाचून. मी ३१ वर्षं एसटीत काढली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे रोज बघितले. पण तिथे कंडक्टर म्हणून मला ती जागा सोडवून म्हाताऱ्या माणसाला देता यायची. इथे कुणालाच अधिकार नाही काय? आम्ही दोघं येत्या गुरुवारी बेंगळुरूला निघालोय मुलाकडे, पहिलाच विमानप्रवास. आता काकूंना टेन्शन आलंय.

ए-३०४, ९.२४
मामा, कोल्हापूरहून जाणार का पुण्याहून? कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून छोटं पंख्याचं एटीआर विमान असेल तर त्यात वरचे कप्पे लहानच असतात. माझी ट्रॉली विमानापाशीच घेतली होती आणि उतरल्यावर दिली. खांद्याची पिशवी चालते.

ए-१०१, ९.२५
पुण्याहून. मुलाने तिकीट काढलंय.

सी-४०२, ९.४१
ताई, वाचून वाईट वाटलं. मी महिन्यातून दोनदा विमानाने जातो आणि खरं सांगतो, ट्रॉली आत नेण्यासाठी गेटवर आधी जाऊन उभा राहणाऱ्यांतला मीही आहे. उतरल्यावर बेल्टवर अर्धा तास थांबावं लागतं, म्हणून सगळेच बॅग आत नेतात.

हे वाढलं कसं तेही सांगतो. २००८ मध्ये इंधन महागलं तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी खाली टाकायच्या पहिल्याच बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली, अमेरिकन एअरलाइन्सने १५ डॉलर लावले. तेव्हापासून लोक तिकडे सगळं सामान आत कोंबायला लागले. आपल्याकडे देशातल्या विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलो खाली टाकता येतं, तरी सवय तीच लागली. पुण्याहून जाणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात १८० च्या आसपास सीट, आणि जुन्या पद्धतीच्या कप्प्यांत तेवढ्या चाकांच्या बॅगा मावतच नाहीत. म्हणजे शेवटच्या बऱ्याच जणांची बॅग खाली जाणार हे विमान भरायच्या आधीच ठरलेलं असतं. आता नवे कप्पे निघालेत, त्यात बॅग पुस्तकासारखी कडेवर उभी ठेवायची. बोइंगने २०१५ मध्ये त्यांच्या ७३७ विमानासाठी आणले, जिथे ४ बॅगा मावायच्या तिथे ६ मावतात. पण ते असलेलंच विमान आपल्या वाट्याला येईल असं नाही.

बी-३०३, ९.४६
दादा, हे कळलं. पण जागा सगळ्यांना पुरणार नाही हे कंपनीला माहीत असताना आधी चढायचे पैसे घ्यायचे आणि बॅगेच्या जागेची हमी द्यायची नाही, हे मला पटत नाही.

सी-४०२, ९.५५
बरोबर आहे तुमचं. चढवायच्या पद्धतीवर तर अभ्यास झालेत. जेसन स्टेफन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणित मांडलं की मागून पुढे रांगेने चढवणं वाटतं तेवढं जलद नाही, कारण शेजारशेजारचे लोक एकाच वेळी बॅगा वर टाकायला उभे राहतात आणि वाट अडते. एक रांग सोडून एक, आधी खिडकीवाले, असं चढवलं तर बरेच जण एकदम बॅग ठेवू शकतात. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून आधी खिडकी, मग मधली, मग वाटेकडची सीट असं सुरू केलं. पण पैसे भरलेले तिथेही त्या सगळ्यांच्या आधीच जातात.

सेक्रेटरी, १०.०२
आज टाकी धुणार आहेत. दुपारी १ ते ४ पाणी नाही. कृपया भरून ठेवा.

ए-२०३, १०.१५
मी जरा दुसरी बाजू सांगते, राग मानू नका. माझी लेक विमानतळावर गेटवरच असते. विमान आलं की अर्ध्या-पाऊण तासात परत उडवायचं असतं. त्यात लोक उतरवायचे, साफसफाई, नवे चढवायचे. प्रत्येक बॅग काट्यावर ठेवायला ती थांबली तर विमान लेट, आणि लेटचं कारण तिच्या नावावर. थांबवलं तर लोक अंगावर येतात. परवा एकाने तिला “तुमचा पगार आमच्या पैशातून” असं सुनावलं. २३ वर्षांची पोर आहे. घरी फोन करून रडली.

बी-३०३, १०.१९
काकी, तिच्यावर माझा अजिबात राग नाही. त्या क्रूच्या मुलीनेही शेवटी पाऊचसाठी बर्फाची पिशवी आणून दिली. मला म्हणायचंय ते हेच, की हे भांडण गेटवर पोचायलाच नको. काउंटरवर वजन करा, सगळ्यांचं करा, एकाला दोन बॅगा सोडू नका. आज जो नियम पाळतो त्याचीच बॅग खाली जाते, कारण ज्याने पाळला नाही त्याने आधीच दोघांची जागा घेतलेली असते.

डी-१०२, १०.४८
मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.
आमचं काम मिरजेत, सतार-तानपुऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी कोलकात्याला एका ताईंचा तानपुरा पोचवायचा होता. लेडीज तानपुरा, म्हणजे मापाने लहान, तरी आत न्यायच्या बॅगेच्या ५५ सेंटिमीटरच्या नियमात बसणं शक्यच नाही. पूर्वी दोन-तीन वेळा विनंती केल्यावर आत घेतला होता, सगळ्यात शेवटच्या रिकाम्या सीटवर बेल्ट लावून ठेवला होता. म्हणून या वेळी आधी चढायचे पैसे भरले, म्हटलं लवकर गेलो तर काहीतरी सोय होईल. गेटवर सांगितलं, नियमात नाही, खाली जाईल. आता नियम म्हणजे नियम, मी मान्य केलं. पण माझ्या मागच्या माणसाकडे दोन ट्रॉल्या आणि पाठीवर सॅक होती. त्याला कुणी काही विचारलं नाही.

तारा सैल केल्या, तारांखालची घोडी काढून खिशात ठेवली, पेटीवर नाजूक असल्याचं स्टिकर लावलं. कोलकात्याला पेटी उघडली तर दांडी जिथे भोपळ्याला मिळते तिथे केसाएवढी चीर. बाहेरून दिसत नव्हती, नखाने टिचकी मारली तेव्हा आवाज बद्द आला. मंगळवेढ्याकडचा भोपळा, दोन वर्षं वाळवलेला, मी स्वतः निवडलेला. जोडला, पॉलिश केलं, ताईंना फरक कळला नाही. मला कळतो.

२०२४ मध्ये आमच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. आता मी तानपुऱ्यासाठी वेगळी सीट काढायला सांगतो, नाहीतर रेल्वेने स्वतः घेऊन जातो.

ए-१०१, १०.५३
मन हेलावलं. तुमच्या हातचं वाद्य आणि असं.

बी-३०३, ११.०४
तुमच्या नखाची टिचकी वाचली आणि बाबांचे थरथरणारे हात परत दिसले. मी तक्रार लिहिणारच होते, आता आजच लिहिते. आधी कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला, उत्तर नाही आलं तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर. मजकुरात एवढंच मागतेय: प्रायॉरिटीचे पैसे घेतलेत तर बसमधून उतरतानाही ती पाळी पाळा, नाहीतर पैसे परत द्या. इन्सुलिन आणि नाजूक वाद्यं यांच्यासाठी पुढचा एक कप्पा शेवटपर्यंत रिकामा ठेवा. आणि वजन सगळ्यांचं करा. काही राहिलं असेल तर सांगा.

सी-४०२, ११.१०
बोर्डिंग पास आणि जास्तीच्या पैशांची पावती दोन्ही जोडा. आणि मी यापुढे ट्रॉली खालीच टाकेन. अर्धा तास थांबलो तर काय बिघडतं.

ए-२०३, ११.१६
ए-१०१ साठी लेकीला विचारून लिहितेय. औषधं, चष्मा, कागद, मोबाइल आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत, ती पायाशी, पुढच्या सीटखाली ठेवायची. ती कुणी मागणार नाही. बॅग खाली द्यावी लागली तर पॉवर बँक त्यात राहता कामा नये. मामांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आजच फोन करून सांगा, आधी सांगितलेलं बरं. त्यांना सगळ्यांच्या आधी नेतात.

ए-१०१, ११.२०
मी चालू शकतो हो, व्हीलचेअर नको.

ए-१०१ (काकूंच्या फोनवरून), ११.२१
मी सांगते फोन करायला. नातवाला द्यायला कांदा-लसूण मसाला आणि सुकं खोबरं घेतलंय, ते चालेल ना?

ए-२०३, ११.२४
मसाला खालच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत तिखट चालत नाही. सुकं खोबरं कशातच नको काकू, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून काढून घेतात. बेंगळुरूत मिळेल.

ए-१०१ (काकूंच्या फोनवरून), ११.२५
बरं. खोबरं मग तुमच्याकडेच देते.

बी-३०३, ११.३१
काकू, आमच्याकडे बॅग अडकवून वजन करायचा छोटा काटा आहे. संध्याकाळी ७ ला घेऊन येते. बाबाही येतील, औषधांची पिशवी कशी लावायची ते त्यांनाच दाखवायचंय.