मदत हवी आहे: थायमोमा की थायमिक कार्सिनोमा? इम्युनोथेरपीचा आग्रह धरावा का?

नमस्कार. माझ्या मोठ्या भावासाठी विचारते आहे. दादा ५४ वर्षांचा आहे. खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, त्यावरून सिटी स्कॅन झाला. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ७ सेंमीची गाठ आहे आणि उजव्या फुप्फुसाच्या आवरणावर दोन बारीक ठिपके आहेत. त्यामुळे लगेच ऑपरेशन नको असं सर्जन म्हणाले.

सुईने तुकडा काढला. पहिल्या रिपोर्टात 'थायमोमा, टाइप बी३' आलं, म्हणजे थायमस ग्रंथीच्या गाठीचा जास्त आक्रमक प्रकार. तोच ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) दुसरीकडे दाखवला, तर 'थायमिक कार्सिनोमाची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहून आलं, म्हणजे त्याच ग्रंथीचा त्याहून आक्रमक कॅन्सर. दोन्ही कागद समोर घेऊन बसले आहे. थायमस ग्रंथी (उरोस्थीमागची, प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी) म्हणजे काय हेच मला महिन्याभरापूर्वी माहीत नव्हतं.

नातेवाईक रोज बातम्या पाठवतात की छातीच्या दुर्मिळ कॅन्सरवर इम्युनोथेरपीने (प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढून तिला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांनी) क्रांती झाली आहे, केमो कशाला घेता. एका बातमीत ६०५ रुग्णांचा अभ्यास होता. दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र दिलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान १८.१ महिने, केमोच्या गटाचं १४.१. वाचून आशा वाटते, पण आमच्या डॉक्टरांनी त्या औषधाचा विषयसुद्धा काढला नाही. ते मागे आहेत की आम्ही चुकीचं वाचतोय? बुधवारी सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक आहे. तिथे काय विचारू?

अजून एक. संबंध आहे की नाही माहीत नाही, पण संध्याकाळ झाली की दादाची डावी पापणी अर्ध्यावर उतरते. सकाळी डोळा अगदी नीट असतो. परवा केस विंचरताना मध्येच हात खाली घेऊन थांबला. थकवा असेल म्हणून आम्ही कोणाला बोललो नाही.

प्रतिसाद १

ताई, शेवटचा परिच्छेद बुधवारची वाट न बघता आजच डॉक्टरांना सांगा. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

माझ्या आईला थायमोमा होता. तिचीही पापणी अशीच उतरायची. आम्ही वर्षभर चष्म्याचे नंबर बदलत बसलो. ते मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघालं, म्हणजे स्नायू लवकर थकून कमजोर होण्याचा आजार. थायमोमाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत ते असतं, कारण टी-पेशींना आपलं-परकं शिकवणारी ग्रंथी हीच, आणि तिथलं शिक्षण बिघडलं की शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठतं. थायमिक कार्सिनोमात हे क्वचित दिसतं. म्हणजे पापणीवरून निदान होणार नाही, पण कुठल्या रिपोर्टाकडे कल आहे याचा तो धागा आहे. अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी मागा, मायस्थेनियासाठी तीच करतात.

आता इम्युनोथेरपी. तुम्हाला आलेली बातमी मेसोथेलिओमाची आहे. तो फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा. दादाच्या आवरणावर ठिपके असले तरी आजार तो नाही. 'छातीचा दुर्मिळ कॅन्सर' या एका शब्दाखाली किती वेगळी दुखणी कोंबतात!

थायमिक कार्सिनोमात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपी औषधाचा अभ्यास झाला आहे, २०१८ मध्ये छापून आला. ४० रुग्ण होते, सगळ्यांची आधी केमो झालेली. ९ जणांची गाठ लक्षणीय आटली. पण ६ जणांना स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा गंभीर तडाखा बसला, त्यातल्या दोघांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली. थायमोमात तर धोका फारच मोठा. २०१९ मध्ये आलेल्या कोरियातल्या अभ्यासात थायमोमाचे सातच रुग्ण होते, आणि सातांपैकी पाच जणांना गंभीर त्रास झाला. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्नायूंवर उठली आहे, तिचा ब्रेक काढायचा? तुमचे डॉक्टर मागे नाहीत, ते सांभाळून चाललेत असं मला वाटतं.

नवीन काहीच नाही असंही नाही. कार्सिनोमाच निघाला आणि केमोनंतर पुन्हा वाढला, तर लेनव्हॅटिनिबच्या गोळ्या आहेत. जपानमधल्या २०२० च्या अभ्यासात ४२ पैकी १६ जणांत गाठ आटली होती. रक्तदाब मात्र खूप चढतो.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी सहमत. पॅथॉलॉजीबद्दल नेमकं विचारा: सीडी५, सीडी११७ आणि टीडीटी हे स्टेन (पेशींवरची ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या) केले का? पहिले दोन स्टेन गाठीच्या पेशींवर ठळक उमटले तर कल कार्सिनोमाकडे जातो. टीडीटीने कोवळ्या टी-पेशी दिसल्या तर थायमोमाकडे. सुईच्या तुकड्यात तपासायला पेशी कमी असतात, म्हणून अनुभवी डोळा लागतो. फ्रान्समध्ये २०१२ पासून याच आजारांसाठी देशव्यापी जाळं आहे आणि तिथे अशा केसेस एकत्र बसून ठरवतात, ते काही हौस म्हणून नाही. दहा लाखांत वर्षाला एक-दोन रुग्ण निघणारा आजार एकट्या डॉक्टरच्या नजरेखालून कितीदा जाणार?

आणि खोकल्यासाठी कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर पापणीचं आधी सांगा. लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांनी मायस्थेनिया एकदम बळावू शकतो. पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचंच. गिळताना ठसका लागला किंवा धाप लागली तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दादाला समोर बसवून वर छताकडे बघायला सांगितलं. मिनिटभरात पापणी उतरली. मी तिथेच उभी होते, आणि इतके दिवस हे रोज डोळ्यासमोर होतं म्हणून फार वाईट वाटलं. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. स्टेन नव्याने केले, सीडी५ आणि सीडी११७ निगेटिव्ह, टीडीटीवाल्या पेशी थोड्या पण आहेत. बैठकीत थायमोमा बी३ नक्की झालं.

आता आधी सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची केमो, मग पुन्हा स्कॅन. गाठ आटली तर गाठ आणि ठिपके दोन्ही काढायचं सर्जनच्या मनात आहे. इम्युनोथेरपीला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, कारणही मायस्थेनियाचंच दिलं.

मायस्थेनियासाठी पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू झाली आहे, दादा आता पूर्ण केस न थांबता विंचरतो. गुरुवारी पहिलं सलाइन. केमोच्या आठवड्यात उलट्या झाल्या तर ही गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा तुमच्याकडे न्यूरोलॉजिस्टनी काय सोय सांगितली होती? त्यांना विचारणारच आहे, पण अनुभव असेल तर लिहा.