मदत हवी आहे: मोटारीच्या जुन्या पॅनलचं कार्ड दुरुस्त करू की बदलू?

नमस्कार मंडळी. विहिरीवर साडेसात एचपीची सबमर्सिबल आहे, पॅनल बारा वर्षांपूर्वीचं. गेल्या आठवड्यापासून त्यातलं सिंगल फेज प्रिव्हेंटरचं (एक फेज गेला की मोटार बंद करणारं) इलेक्ट्रॉनिक कार्ड उगाच ट्रिप होतंय. मीटर लावून पाहिलं, तिन्ही फेज 405 ते 415 व्होल्ट. म्हणजे लाईटचा दोष नाही. कॉन्टॅक्टर (मोटारीला लाईट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) चांगले आहेत.

कार्ड उघडलं तर 470 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर वरून फुगलाय आणि 12 व्होल्टच्या छोट्या रिलेचे पॉइंट काळे पडलेत. हे दोन्ही बदलून भागेल का? कपॅसिटर 35 व्होल्ट, 105 डिग्रीचा टाकला तर चालेल ना? की इतक्या जुन्या कार्डात एक बदललं की दुसरं जातं?

वायरमन म्हणतो, कार्ड बायपास करा, मोटार चालू होईल. चालू होईलच, पण रात्रीच्या पाळीत एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळतं. शेजारच्या मळ्यात हेच झालं. मोटार वर काढायची म्हणजे पाइप, केबल, चार माणसं. बायपास मी करणार नाही.

दुकानदार पूर्ण नवीन पॅनल घ्या म्हणतो. नुसतं नवीन कार्ड जुन्या पॅनलमध्ये कुणी बसवलंय का? कॉन्टॅक्टरची कॉइल 415 व्होल्टची आहे. कांदा पाण्यावर आलाय, लवकर सांगा.