आयनद्रायूत तरंग मुरतो, विरतो की परततो?

एका अनुवादात प्लाझ्माविषयी, म्हणजे आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूविषयी, वाचलं : ‘कमी कंप्रतेचे तरंग प्लाझ्मात शोषले जातात.’ दुसरीकडे याच घटनेला ‘परावर्तन’ म्हटलंय. योग्य शब्द कोणता? आणि प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ म्हणावं का?

— इथे ‘शोषले जातात’ चूक आहे. शोषण म्हणजे तरंगाची ऊर्जा माध्यमात मुरणं, तिची उष्णता होणं. प्लाझ्मात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची डोलण्याची स्वतःची एक कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, असते; घनमीटरमध्ये एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असले तर ती साधारण ९ मेगाहर्ट्‌झ येते. येणारा तरंग याहून संथ असेल तर इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर सहज हलतात. त्यांच्या हलण्यातून जे क्षेत्र निघतं ते आतला तरंग खोडून काढतं आणि ऊर्जा आल्या वाटेनं मागे फिरते. तरंग परततो. काठाच्या आत क्षेत्र थोडं शिरतं खरं, पण झपाट्यानं विरतं. विरणं वेगळं, मुरणं वेगळं. अनुवादात हा फरक सांभाळायलाच हवा.

‘आयनद्रायू’ मराठी विश्वकोशात आहे. द्रव आणि वायू मिळून ‘द्रायू’, म्हणजे वाहणारं ते सगळं. मला हा शब्द मनापासून आवडतो, कारण रक्तातल्या प्लाझ्माशी गल्लत होत नाही. लेखात एकदा दोन्ही शब्द द्यावेत, मग सोयीचा वापरावा.

— पण रेडिओवर मध्यम लहरींची दूरची केंद्रं दिवसा लागत नाहीत, रात्री लागतात. त्याचं कारण शोषणच सांगतात ना?

— हो, तिथे ‘शोषण’ अगदी अचूक. आयनांबर म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला प्लाझ्माचा पट्टा. त्याच्या सर्वांत खालच्या, डी थरात हवा त्यामानाने दाट असते. डोलणारे इलेक्ट्रॉन तटस्थ रेणूंवर आदळतात आणि तरंगाकडून घेतलेली ऊर्जा त्या धडकांत जाते. म्हणजे तरंग खरोखर मुरतो. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो, तरंग वरच्या थरापर्यंत पोचतो आणि तिथून परततो.

— आणि जास्त कंप्रतेचा तरंग? ‘विनाअडथळा जातो’ म्हणू का?

— ‘आरपार जातो’ म्हणा. ‘विनाअडथळा’ नको. उपग्रहांवरून येणारे दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे दिशादर्शक संदेश आयनांबरातून येताना किंचित उशिरा पोचतात, आणि स्थान काढताना तो उशीर हिशेबात धरावा लागतो. ‘वेग’ हा शब्दही इथे एकटा वापरू नका : प्लाझ्मात तरंगाची शिखरं निर्वातातल्या प्रकाशाहून वेगानं सरकतात, संदेश मात्र त्या प्रकाशाहून कमी वेगानंच जातो.