आईचा अंगठा उमटत नाही, रेशन कसं मिळवायचं?

पूर्वभागकर: आई पस्तीस वर्षं विड्या वळते. तंबाखू नि पानं चोळून बोटं पार गुळगुळीत झालीत. रेशन दुकानात चारदा अंगठा लावला, पदराला पुसून परत लावला, मशीन घेतच नाही. दुकानदार म्हणायलाय, चेहऱ्याचं ॲप टाका. घरात एकच स्मार्टफोन, तो माझ्यासोबत चादरीच्या कारखान्यात. आधी अंगठा, आता मोबाईल, उद्या काय मागतील? माझा तर विश्वासच उडालाय.

घरकुलवाली: सासूबाईंचं असंच झालतं. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागवा, दादा.

जुना वकील: 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सिम नि बँक खात्यासाठी आधारची सक्ती रद्द केली, सरकारी लाभांसाठी ठेवली. पण ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये, हेही त्यातच आहे. अन्नधान्य वितरण कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

पूर्वभागकर: जोडलेला नंबर वडिलांचा होता ओ, ते गेल्यावर बंद पडला. उद्या खाडा करतो, आईला घेऊनच जातो.