आधी आहे त्या जाळीचं पाणी मोजा
वरती एकानं म्हटलंय, सात रस्ता चौकात पावसाचं पाणी गटारात ओढणाऱ्या रस्त्याकडेच्या जाळ्या डबल करा, पण ओ, आहे ती जाळी किती पाणी ओढते ते आधी बघा की. जाळीच्या अलीकडं कडेच्या पाण्याची रुंदी गुणिले खोली, त्याचं निम्मं (धार तिकोनी असते), थर्माकोलचा तुकडा सोडून वेग काढा, त्या निम्म्याला वेगानं गुणलं की सेकंदाला किती पाणी येतंय ते कळतं, पलीकडं निसटलेलं पण तसंच मोजा, सेकंदाला १० लिटर येऊन ४ पुढं गेलं तर जाळी ६० टक्केच घेतीय. उतार जास्त, जाळीचे गज धारेला आडवे, मग पाणी वरनंच उडी मारतं. आणि वळवाच्या पहिल्या सरीला गुटख्याच्या पुड्या, कडुनिंबाचा पाला अडकतो, म्हणून कचऱ्यासकट एकदा अन् साफ करून एकदा मोजा. खोलगट चौकात मात्र हा हिशोब चालत नाही, तिथं किती उंच साचतंय तेच बघायचं.