सोमालींना वकील नकोत म्हणे!

कोर्टकचेरी (धागाकर्ता):
परवा एका ग्रुपवर पोस्ट फिरत आली. सोमाली लोक शतकानुशतकं वकिलांशिवाय सुखात होते, झाडाखाली चार म्हातारे बसून न्याय करत, या रिवाजाला 'हेर' म्हणतात (गुप्तहेरवाला नव्हे), तेव्हा आपणही लॉ कॉलेजांना टाळं ठोकावं. खाली दीडशे अंगठे! सव्वीस वर्षं सोलापूरकडे काळा कोट घालतोय, म्हणून झोंबलं असेल. पण लिहिणाऱ्याला सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, कायद्याचं शिक्षण होतं हेच ठाऊक नाही.

१९५४ साली, सोमालियाचा दक्षिण भाग संयुक्त राष्ट्रांच्या वतीने इटलीकडे सोपवलेला असताना, तिथे कायदा आणि अर्थशास्त्राची उच्च संस्था निघाली. तिचंच पुढे सोमाली राष्ट्रीय विद्यापीठ झालं. उत्तरेला इंग्रज. येमेनचं एडन बंदर एकेकाळी मुंबई इलाख्यात, आणि १८९८पर्यंत समोरच्या सोमाली किनाऱ्याचा कारभारही तिथूनच चाले. त्या किनाऱ्यावरच्या कोर्टात कायदा कोणता? आपली भादंवि, म्हणजे भारतीय दंडविधान! कॉलेज मात्र एकही नाही.

१९६० साली दोन्ही भाग एक झाले आणि गंमत सुरू झाली. नवी दंडसंहिता इटालियन वळणाची, फौजदारी प्रक्रिया भारतीय वळणाची. गुन्हा कोणता ते रोमच्या पुस्तकात बघायचं, खटला कलकत्त्याच्या रीतीने चालवायचा. इटालियन पद्धतीत शिकलेला न्यायाधीश साक्षीदाराला स्वतः खोदून विचारणार, आपल्याकडे उलटतपास वकिलाने घ्यायचा. दोन्ही पचवलेली माणसं चार दिवसांत तयार होतात का? १९६९ला लष्करशहा सियाद बारेचं राज्य आलं, मग राष्ट्रीय सुरक्षा न्यायालय, न्यायासनावर लष्करी अधिकारी. १९९१ला राज्यच कोसळलं, विद्यापीठ बंद पडलं. झाडाखालचे म्हातारे उरले, कारण बाकी काही उरलंच नव्हतं. ही निवड नव्हे हो.

नैरोबीकर काका:
वकीलसाहेब, तुमचा इतिहास तुमच्यापाशी. ९८ साली माझ्या दुकानाच्या टेम्पोने नैरोबीच्या ईस्टली भागात एका सोमाली पोराचा पाय मोडला. माझा वकील म्हणाला, कोर्टात सहा वर्षं धरा. चौथ्या दिवशी त्यांचे तीन वडीलधारे दुकानात आले, चहा घेतला, पोराच्या बापाला समोर बसवलं. तीन बैठकांत रक्कम ठरली आणि पुढच्या ईदला त्याच घरून मला जेवणाचं बोलावणं आलं. वकिलाने अर्धी फी आगाऊ घेतली होती, ती आजतागायत परत नाही. आता बोला.

अबोली:
काका, तुम्ही पुरुष, वर दुकानदार. तुमच्याशी चहा पिऊन बोलणारच ते. मी उत्तरेकडच्या हर्गेसात दोन वर्षं एका मदतसंस्थेत होते. हेरमध्ये पुरुषाच्या खुनाची भरपाई शंभर उंट, बाईच्या खुनाची पन्नास. बैठकीत बाईला बोलायला जागा नाही, तिच्या वतीने बाप नाहीतर भाऊ बोलणार. कुळ दुबळं असेल तर ठरलेले उंटही पदरात पडतील याची खात्री नाही.

तरी म्हाताऱ्यांना अडाणी समजू नका. हर्गेसा विद्यापीठ २००० साली सुरू झालं, तिथे कायदा शिकणारी एक मुलगी मला म्हणाली, "आजोबा एका बैठकीत दहा जुने निवाडे तोंडपाठ सांगतात. आमचे सर छापील नोट्स वाचून दाखवतात." त्यांचंही शिक्षणच होतं. लहानपणापासून मागे बसून ऐकायचं, कोणत्या कुळात कधी काय ठरलं ते पाठ करायचं. परीक्षा तेवढी नव्हती.

तिरकस तात्या:
सगळं सोडा, खरं दुखणं भाषेचं. तिकडे शाळा सोमालीत केल्या, आणि विद्यापीठाच्या दारात पोराला सांगितलं, आधी इटालियन शीक, मग कायदा! आपल्याकडे वेगळं काय चाललंय? जिल्हा कोर्टाची भाषा मराठी, ती कागदावर. हायकोर्टात इंग्रजी. माझ्या आईच्या जमिनीचा निकाल तिला मी वाचून दाखवला, तोही निम्मा अंदाजाने. सोमालींना १९७२ साली लिपी मिळाली, आपल्याला शेकडो वर्षं आहे. उपयोग?

बारीकनजर:
'लिपी मिळाली' चूक. उस्मान युसूफ केनादिद यांची उस्मानिया लिपी त्याआधी अनेक वर्षं होती. १९७२ साली सरकारने लॅटिन लिपी अधिकृत केली, इतकंच.

तिरकस तात्या:
आभारी आहे. आईच्या निकालात काही फरक पडला का?

बारीकनजर:
नाही पडला. चुकीचं लिहायला परवानगीही मिळाली नाही. आणि मराठीचं म्हणाल तर फिर्याद, वकील, दिवाणी, फौजदारी सगळं फारसी-अरबीतून आलेलं. आपला हुकूम, त्यांचा हुकुन, दोन्ही त्याच अरबी शब्दाचे. वकिलाला मात्र त्यांच्याकडे घरचा शब्द आहे, 'गारयाकान', म्हणजे निवाडा जाणणारा. आपण 'विधिज्ञ' लिहितो आणि बोलताना वकीलच म्हणतो.

कोर्टकचेरी:
मराठीत निकालपत्र लिहिणं खेळ वाटतो का? 'मेन्स रिआ'ला शब्द द्या आधी.

तिरकस तात्या:
'गुन्हेगारी हेतू'. दिला. सव्वीस वर्षं काय करत होतात?

कोर्टकचेरी:
अशील सांभाळत होतो! तुमच्यासारखे सल्ले फुकट वाटायला वेळ नव्हता. आणि त्या परक्या भाषेतल्या कॉलेजाला नावं ठेवताय ना? २०१८ ते २०२१ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष अब्दुलकावी युसूफ त्याच विद्यापीठातून कायदा शिकले.

अबोली:
एक युसूफ हेगला गेले, आणि उत्तरेकडच्या बोरामा गावच्या बाईचा खटला कोण चालवणार? तिच्या भागात अमूद विद्यापीठ उघडायला १९९८ उजाडलं. आणि हो, ती दीडशे अंगठेवाली पोस्ट भंकस आहे, तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. चिडू नका.

नैरोबीकर काका:
भादंविचं एक राहिलं. त्यांनी ती १९६४ला सोडली, आपण २०२४ला. मागासलेले कोण?

कोर्टकचेरी:
काका, सोडली आणि इटलीची धरली! बरं, तात्यांचं एक मान्य. पोरांना आधी इटालियन शिकायला लावलं हे चुकलंच. आणि तुमच्या वकिलाने फी परत करायला हवी होती. हे दोन सोडून एक शब्द मागे घेत नाही.

नैरोबीकर काका:
हे लेखी द्याल का? मराठीत.