मदत हवी आहे: ट्रॅव्हर्स क्लोज होत नाही, सोमवारी शीट द्यायची आहे

बॅकबेंचर_सिव्हिल: सर्व्हे कॅम्प संपला, आता कॅलक्युलेशन चालू आहे. आमच्या ग्रुपचा ट्रॅव्हर्स (स्टेशनवरून स्टेशनला बाजू आणि कोन मोजत केलेली आकृती) क्लोजच होत नाहीये, म्हणजे हिशेबात सुरुवातीच्या बिंदूवर परत येत नाही. बाकी सगळ्यांचे झाले. सर म्हणतात १:५००० तरी (५००० मीटर परिमितीला १ मीटर एरर) यायलाच हवं. एक्सेलचे फॉर्म्युले तपासून झालेत. काय चुकत असेल? लवकर सांगा प्लीज.

पायवाट: स्टेशन किती? कोनांची बेरीज किती आली? एरर किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

जुनाखोड: लोकल ॲट्रॅक्शन, म्हणजे लोखंडाने कंपासची सुई ओढली जाते, दुसरं काही नाही. जवळ लोखंडी कुंपण किंवा विजेचा खांब असणार. फोर आणि बॅक बेअरिंगमध्ये (एकाच बाजूची दोन टोकांकडून घेतलेली, उत्तरेपासूनची दिशा) बरोबर १८०° चा फरक पडतो का बघ.

बॅकबेंचर_सिव्हिल: काका, कंपास नाही, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक मशीन) आहे. पाच स्टेशन, बंद ट्रॅव्हर्स.

प्रथमश्रेणी: एवढं काय त्यात? बाउडिच लाव. एरर बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाक, शीट दे, मोकळा हो. आम्ही हेच केलं होतं.

पायवाट: बाउडिच बारीकसारीक, इकडेतिकडे होणाऱ्या चुकांसाठी असतो. एका बाजूत घोळ असेल तर तो वाटून चांगल्या चार बाजूही बिघडवायच्या का?

प्रथमश्रेणी: मार्क शीटला मिळतात, तत्त्वांना नाही.

लेव्हल_लेव्हल: प्रिझम कॉन्स्टंट बघा, म्हणजे समोर धरलेल्या प्रिझमसाठी अंतरात करायची मिमीची दुरुस्ती! मशीनमध्ये ० आणि प्रिझम −३० चा, हे प्रत्येक कॉलेजात होतं. मी पैज लावतो.

पायवाट: पैज हरणार. पाच बाजूंना ३०-३० मिमी धरले तरी सगळे मिळून १५ सेंमी, आणि बंद आकृतीत त्यातलंही बरंचसं आपसात कटतं. धागाकर्ते, आकडे द्या हो.

बॅकबेंचर_सिव्हिल: देतोय ना! कोनांची बेरीज ५४०°००′२५″. परिमिती ६२० मी. लॅटिट्यूडची (उत्तर-दक्षिण, उत्तर +) बेरीज +०.१२ मी., डिपार्चरची (पूर्व-पश्चिम, पूर्व +) −०.३९ मी. बेअरिंग: एबी १२°, बीसी ५८°, सीडी १०६°, डीई २१५°, ईए २८१°.

पायवाट: हे आधी दिलं असतं तर इतकं लांबलं नसतं. पाच बाजूंना ५४०° च हवेत, म्हणजे कोन ठीक आहेत. एरर ०.४१ मी., साधारण १:१५००. आता त्या एररची दिशा काढा: वायव्येकडे, २८७° च्या आसपास. त्याच्या बरोबर उलट १०७°, आणि सीडी आहे १०६°. ईएसुद्धा जवळपास त्याच रेषेत येते, त्यामुळे दोन्ही बघा: सीडी ४१ सेंमी कमी मोजली गेली असेल किंवा ईए तेवढी जास्त. मशीन प्रिझम मोडवर होतं की नॉन-प्रिझम?

बॅकबेंचर_सिव्हिल: ते मित्राने सेट केलं होतं. सीडीच्या मध्ये करवंदीची जाळी होती.

पायवाट: मध्ये की डीच्या अगदी पुढ्यात? नॉन-प्रिझमवर किरण पानावरूनही परततो आणि अंतर कमी येतं. आधी सीडी दोन्ही टोकांकडून परत घ्या, मग ईए. दोन्ही जुळल्या की खुशाल बाउडिच लावा.

गुंठामास्तर: आमच्या वेळी ही यंत्रं नव्हती. ३३ फुटी साखळी, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, ४० गुंठे एकर. एवढं पोराला आलं की झालं.

सरकारी_स्वप्न: सिव्हिलवाल्यांनी भूकरमापक भरतीकडे लक्ष ठेवा. लेखी परीक्षेची तयारी आतापासून करा.

बॅकबेंचर_सिव्हिल: भरती कुणी विचारली? मशीन स्टोअरमध्ये जमा झालंय, लॅब असिस्टंट रजेवर. टेपने मोजलं तर चालेल का?

पायवाट: लांबी किती आहे आणि उतार आहे का?

गुंठामास्तर: टेप ओढून धरायला दोन माणसं लागतात. बाकी, माझ्या शेजाऱ्याने बांध कोरलाय. मोजणीचा अर्ज कुठे करायचा, कुणी सांगेल का?